तिबिलिसीत दही आणायला

“हरवली म्हणजे अगदी हरवली, डॉक्टर,” मार्तंडरावांनी खुर्ची पुढे ओढून दोन्ही हात टेबलावर ठेवले. “जॉर्जियाची टूर होती. तिबिलिसी म्हणून जुनं शहर आहे. त्या दिवशी माझं पोट बिघडलेलं. हिला म्हटलं, कोपऱ्यावरून जरा दही आण. तर बाईसाहेब दुपारपर्यंत गायब. फोन खोलीत, भाषा येत नाही. टूर मॅनेजर शोधतोय, हॉटेलवाला शोधतोय, माझी तर वाट लागलेली. शेवटी आपली आपणच आली. हातात दही घेऊन.”

‘हातात दही घेऊन’ या शब्दांवर लोक हसत असत. मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीत हसले होते, भाचीच्या लग्नात हसले होते. घाटकोपरच्या या डॉक्टर रेवती मात्र हसल्या नाहीत. त्यांनी नीलाताईंकडे पाहिले. नीलाताई टेबलाच्या कडेकडे पाहत होत्या.

वर्षभरात हा किस्सा बदलत गेला होता. प्रथम ती गंमत होती, मग काळजी झाली, आणि काळजीतून नियम निघाले. मुलाने, शौनकने, आईच्या फोनवर ती कुठे आहे ते दाखवणारी सोय बसवली. पर्समध्ये पत्त्याचे कार्ड आले. चेंबूरला जानकीकडे, कॉलेजच्या मैत्रिणीकडे, नीलाताई एकट्या जात असत, ते थांबले. फाटकावरचा रखवालदार लवूसुद्धा “काकू, काका नाय आले?” असे विचारी आणि उत्तर मिळेपर्यंत फाटकावरचा हात काढत नसे. गेल्या आठवड्यात दूध उतू गेले. ते त्यांच्या घरी नेहमीच उतू जाई. पण या वेळी शौनकने डॉक्टरांची वेळ घेतली.

तपासणी झाली होती. शब्द लक्षात ठेवून पुन्हा सांगणे, उलटी मोजणी, घड्याळाचे चित्र, सगळे झाले होते.

“काकू, उत्तरं तर सगळी बरोबर आहेत,” डॉक्टर म्हणाल्या. “मग त्या दिवशी काय झालं? तुम्ही सांगा ना.”

हा प्रश्न त्यांना इतक्या दिवसांत कोणी विचारलाच नव्हता.

“मी हरवले नव्हते,” नीलाताई म्हणाल्या.

मार्तंडराव डॉक्टरांकडे पाहून मंद हसले. “बघा. मानायलाच तयार नाही.”

“अहो, मला बोलू द्या.”

नीलाताईंनी पॉलिटेक्निकात आरेखनाचा डिप्लोमा केला होता आणि पाणीपुरवठ्याच्या एका कचेरीत नकाशे काढत त्या निवृत्त झाल्या होत्या. वाकोल्याच्या गल्ल्या, पवईचे चढ, भांडुपकडून येणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या, सगळे त्यांच्या हाताखालून गेले होते. पाहणीला मात्र पुरुष जात. “तुम्ही कशाला उन्हात, मॅडम,” असे साहेब अगत्याने म्हणत. स्वतः आखलेल्या रस्त्यांपैकी एकही त्यांनी शेवटपर्यंत चालून पाहिला नव्हता. कार्यालयातून घर, घरातून बाजार, आणि निवृत्तीनंतर टूरच्या बसमधली खिडकीकडची जागा, तीही मार्तंडरावांना उलटीचा त्रास नसेल तेव्हा.

“दुकान अगदी जवळ होतं,” त्या डॉक्टरांना सांगू लागल्या. “दही घेतलं. तिथे त्याला मात्सोनी म्हणतात. आता परत फिरायचं, तर समोर एक गल्ली वर चढत होती. म्हटलं, वळणापर्यंत बघून येऊ. वळणावरून पुढचं वळण दिसलं. लाकडी गॅलऱ्यांची घरं, डॉक्टर, सगळी कोरीव काम केलेली आणि सगळी थोडी थोडी कललेली. एका घराला तर रस्त्यावरून लोखंडी तुळयांचा टेकू दिला होता, आणि वरती गॅलरीत एक बाई निवांत गालिचा झटकत होती. एका भिंतीच्या भेगेवर काचेची पट्टी बसवलेली होती. भेग वाढते आहे का ते बघायला तसं करतात. वाढली तर काच तडकते. मी जवळ जाऊन पाहिली. तडकली नव्हती. मला इतकं बरं वाटलं.”

“आणि रस्ता लक्षात होता?”

“रस्ता काय विसरायचा? नदी डाव्या हाताला, किल्ला समोर. मी तासाभरात हॉटेलखाली परत आलेसुद्धा.”

मार्तंडरावांनी मान वर केली.

“हे खिडकीत उभे होते. डोक्यावर ओला टॉवेल, चौकटीला धरलेलं. रस्त्याच्या त्या टोकाकडे बघत होते, दुकानाकडे. मी या टोकाला होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.” नीलाताई थांबल्या. “मी हाक मारली नाही. परत फिरले. मग दुपारीच आले. सगळे धावत आले, कुठे होतीस, कुठे होतीस. मी म्हटलं, हरवले. तोच शब्द तोंडात आला.”

मार्तंडरावांनी हा किस्सा कितीदा तरी सांगितला होता. पण त्यात खिडकी कधीच नव्हती, टॉवेल कधीच नव्हता. ते आजारी माणसासारखे पलंगावर पडलेले असत आणि बाकीचे धावपळ करत.

“काका,” डॉक्टरांनी विचारले, “तुम्ही खिडकीत उभे होतात का?”

मार्तंडरावांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला.

“छे. उठायचं त्राणच नव्हतं मला. मी पलंगावरून हललोसुद्धा नाही.”

नीलाताईंनी त्यांच्याकडे पाहिले. मार्तंडरावांनी तिकडे पाहिले नाही.

डॉक्टरांनी तपासणीचे कागद पुन्हा एकदा चाळले. मग त्या सावकाश, दोघांनाही समजेल असे बोलल्या. कधी कधी मेंदू न घडलेली गोष्टही घडल्यासारखी आठवतो. माणूस खोटे बोलत नसतो, त्याला ती खरीच वाटते. चाचण्या चांगल्या असल्या तरी एमआरआय करून घेतलेला बरा. शेजारच्याच इमारतीत सोय आहे, त्या फोन करून सांगतील.

“हो, हो. आजच करू,” मार्तंडराव म्हणाले.

एमआरआयच्या केंद्रात बाकावर बसून नीलाताईंनी बांगड्या उतरवल्या. मंगळसूत्र काढले. मार्तंडरावांनी रुमाल मांडीवर पसरला होता. त्यात ते एकेक वस्तू घेत होते.

“टॉवेल निळा होता,” नीलाताई म्हणाल्या.

“कुड्या राहिल्या तुझ्या.”

त्यांनी कुड्या काढून दिल्या. “अहो, कशाला पाठवताय मला आत? तुम्हाला ठाऊक आहे.”

“रिपोर्ट तर येऊ दे. काही निघालं तर औषधं आहेत हल्ली.”

“आणि नाही निघालं तर?”

रुमालाला गाठ बसत नव्हती. एक टोक पुनःपुन्हा बोटांतून सुटत होते. मार्तंडरावांनी ते तिसऱ्यांदा धरले.

“निघेल गं,” ते धीर देत म्हणाले. “निघेल काहीतरी.”

नीलाताईंनी त्यांच्या बोटांखालून रुमाल घेतला, गाठ मारली आणि तो त्यांच्या हातात परत दिला. नको म्हणता आले असते. उठून सरळ रस्त्यावर जाता आले असते. पण मग संध्याकाळी मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत ती खिडकी दोघांच्या मध्ये उघडी राहिली असती, आणि तिच्यात उभे राहण्याचे त्राण या माणसात खरोखरच नव्हते. तंत्रज्ञाने नाव पुकारले. त्या उठल्या.

“आजी, आवाज मोठा येईल, घाबरायचं नाही हां,” नितेश नावाचा तो तंत्रज्ञ म्हणाला. त्याने त्यांच्या डोक्याभोवती पिंजऱ्यासारखे आवरण बसवले, हातात दाबायला रबरी फुगा दिला. “काय वाटलं तर हा दाबा. बाकी हलायचं नाही. हललं की पिक्चर खराब होतं, परत पहिल्यापासून घ्यावं लागतं.”

फळी आत सरकली. छत नाकापासून वीतभर अंतरावर येऊन थांबले. मग ठोकाठोक सुरू झाली.

नीलाताईंनी डोळे मिटले. खिडकीपासून परत फिरल्यानंतरचे त्यांनी डॉक्टरांना सांगितले नव्हते. ते कोणीच विचारले नव्हते.

त्या नदीच्या दिशेला उतरल्या. पाणी मातकट होते. पलीकडच्या कड्यावर दगडी चर्च बसलेले होते, आणि कड्याच्या अगदी टोकापर्यंत आणून ठेवलेली घरे पाहून पाया कशावर घेतला असेल असा विचार त्यांच्या मनात आला. पूल ओलांडायचा की नाही? विचारायला कोणी नव्हते. त्यांनी ओलांडला, आणि मग नुसते वाटले म्हणून परत ओलांडला. गंधकाचा वास आला. विटांचे घुमट जमिनीतून वर आले होते, खाली गरम पाण्याची स्नानगृहे. घुमटांवरून लोक चालत होते, त्याही चालल्या. भट्टीतून लांबट पाव काढणाऱ्या माणसाने तुकडा तोडून हातावर ठेवला. तो त्यांनी उभ्याउभ्या, रस्त्यात, दह्याला लावून खाल्ला. असे त्यांनी मुलुंडातही कधी केले नव्हते. दह्याचा अर्धा डबा तिथेच संपला. दुपारी खोलीत शिरताना हातात होता तो दुसरा, वाटेत घेतलेला.

पुढे एक बोळ, बोळात उघडे दार, आत चौक. चौकात द्राक्षाचा मांडव, दोऱ्यांवर चादरी, आणि कोपऱ्यातून वर जाणारा गोल लाकडी जिना. एक म्हातारी भाजी निवडत बसली होती. तिने नीलाताईंकडे पाहिले, साडीकडे पाहिले, आणि चाकूच्या टोकाने वर दाखवले. जा, बघून ये.

जिना अरुंद होता. पहिली पायरी करकरली. दुसरी.

“आजी,” कानात आवाज आला, “पाय हलतायत तुमचे.”

तिसरी पायरी झिजून मध्ये खोलगट झाली होती. वरून उजेड येत होता.

“आजी, पाय. पाय नका हलवू.”

एक पाय तिसऱ्या पायरीवर, एक चौथीवर. नीलाताई होत्या तशा उभ्या राहिल्या.