तिसऱ्या पायरीचं बी

चिमणा गेली हे मला महालिंग साहेबांनी फोनवर सांगितलं. मी गोठ्यात म्हशीला पाणी दाखवत होतो. ते म्हणाले, "जोतीराम, घरीच थांबा. आम्ही बाईंना घेऊन येतोय." मी विचारलं, "काय झालं तिला?" फोनमध्ये मागं बायका रडत होत्या, ते ऐकू आलं आणि मला कळलं.

ती सड्यावर कंपनीच्या रोपवाटिकेत पिशव्या भरत बसली होती. छातीत कळ आली म्हणाली आणि तिथंच आडवी झाली. साहेबांनी तिला पाणी पाजलं आणि कंपनीच्या जीपमधून दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं बघितलं, मान हलवली, जीप परत फिरली आणि मग मला फोन आला. म्हणजे रोपवाटिकेतल्या बायकांना आधी कळलं, ड्रायव्हरला कळलं, दवाखान्यातल्या नर्सला कळलं. नवऱ्याला सगळ्यांच्या शेवटी.

जीप दारात आली तेव्हा तिचं डोकं साहेबांच्या मांडीवर होतं. त्यांच्या पांढऱ्या शर्टाला खाणीची लाल माती लागली होती. मी तिला उतरवून घेतलं. मी रडत नाही हे बघून भावकीतल्या बायका म्हणाल्या, धक्का बसलाय. धक्का होताच. पण त्या वेळी माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. तिला शेवटचं पाणी ह्या माणसानं पाजलं.

कुणी भलता अर्थ काढू नये. साहेब पस्तिशीचे, घरी बायको, लहान मुलगी. चिमणाला ते बाई म्हणायचे आणि वाकून बोलायचे. तसला संशय मला एक दिवसही आला नाही. तसलं काही असतं तर चार लोकांत भांडता तरी आलं असतं.

आमचं गाव सड्याच्या पायथ्याला. सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा. त्याच्या पोटात लाल दगड आहे, त्यातनं ॲल्युमिनियम निघतं. कंपनी तो दगड काढते. पलीकडच्या सड्यावर तिच्याच पवनचक्क्या फिरतात. खाणीचं काम कसं चालतं ते मला चिमणानं सांगितलं, कारण खाण आल्यापासून मी कधी वर गेलो नाही. आधी वरची माती खरवडून बाजूला ढीग घालायचा. त्या मातीत बी असतं, म्हणून ढिगावर गाडी घालायची नाही. मग दगड काढायचा. दगड संपला की खड्डा पायऱ्या पायऱ्यांनी भरत आणायचा, वर तीच माती पसरायची आणि गवत, झुडपं, झाडं पुन्हा उभी करायची. पावसात लाल गाळ ओढ्याला उतरू नये म्हणून दगडी बांध, गाळ बसायला खड्डे. रस्त्याची धूळ बसवायला टँकर. ह्या सगळ्याचे साहेब म्हणजे महालिंग साहेब, पर्यावरण अधिकारी. आणि रोपवाटिकेतल्या बायकांची पुढारी चिमणा.

ताट वाढताना तिचं सुरू व्हायचं.

"साहेब म्हणत्यात, आधी गवत, झाड मागनं."

"साहेब म्हणत्यात, औंदा ओढा तांबडा झाला न्हाई बगा."

मी म्हणायचो, "आमटीत मीठ न्हाई त्येचं काय म्हणत्यात साहेब?"

ती हसायची, मीठ घालायची आणि पुढचं सांगायची.

चिमणा मूळची कबनूरची. यंत्रमागाच्या घरात वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा तिला करवंदीची जाळी ओळखता येत नव्हती. हिरडा कुठला, ऐन कुठला, कुठल्या गवतानं म्हशीचं दूध वाढतं, हे तिला मी दाखवलं. नव्या नवरीला हिंडवायला आमच्याकडं दुसरं होतं काय? सडा मी तिला दाखवला. आणि साहेब शिरोळचे. तिकडं काळी सपाट रानं, नजर जाईल तिथवर ऊस. तो माणूस पुस्तकं वाचून आला आणि माझ्या बायकोला माझाच डोंगर नव्यानं शिकवायला लागला. मी ज्याला कुसळी म्हणतो त्या गवताचं ती दुसरंच लांबलचक नाव सांगायची. मी म्हणायचो, म्हशीला विचार हे नाव. ती म्हणायची, तुम्हांला कशाचंच कौतुक न्हाई.

रक्षाविसर्जनाला सगळं गाव स्मशानात आलं. साहेबही आले, बायकांना जीपमध्ये घालून. हातात काळ्या पिशवीतलं जांभळाचं रोप होतं. आमच्या गावात आता रक्षा नदीत सोडत नाहीत. आपल्या रानात खड्डा काढून त्यात टाकतात आणि वर झाड लावतात. माझा खड्डा बांधावर काढून तयार होता.

साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाईंनीच वाढवलंय हे रोप. खड्ड्यात हे लावाल का? आणि एक मागू? मूठभर रक्षा द्या. वर पायरीवर टाकीन."

मी म्हणालो, "रोप माझं मी आणीन. आणि रक्षा वाटून द्यायची चीज न्हाई."

ते मान खाली घालून मागं सरले. रोप त्यांनी जाताना माझ्या गोठ्याच्या भिंतीला ठेवलं ते तिथंच राहिलं.

मग नैवेद्य ठेवला. भात, पिठलं, कपात चहा. माझी लेक मोना जयसिंगपूरला दिलीय, तिनं आईला आवडायचा म्हणून भडंग आणला होता. आम्ही लांब जाऊन उभे राहिलो. स्मशानाच्या पत्र्यावर कावळा होता. येईना.

मोना पुढं झाली. "आई, मी दर महिन्याला बाबांकडं येईन." कावळ्यानं चोच पत्र्याला घासली.

माझे चुलते गणपतराव म्हणाले, "चिमणा, ह्येच्या दोन भाकरीची सोय आमच्या घरात. तू घोर करू नगंस." कावळा उडाला आणि पलीकडच्या खांबावर बसला.

"जोती, आता तू बोल."

मी बोललो. म्हैस विकत नाही म्हणालो. दारू शिवत नाही म्हणालो, ती मी आधीही कधी शिवली नव्हती. शेवटी म्हणालो, "चिमणा, काय पायजे सांग की." ऊन चढलं. म्हातारी माणसं सावली शोधायला लागली.

रोपवाटिकेतली मल्लव्वा मोठ्यानं म्हणाली, "साहेबास्नी बोलवा की. तिचा जीव तिकडं हाय."

कुणी नको म्हणालं नाही. साहेब चपला काढून पुढं आले. ते लिंगायत, त्यांच्यात पुरतात, कावळ्याचं त्यांना काही नाही. तरी त्यांनी हात जोडले. "बाई, तिसरी पायरी ह्या पावसात पेरतो. तुमच्याच बियांनी पेरतो."

कावळा खाली आला. आधी भडंग उचलला, मग भात. लोक हुश्श झाले. गणपतराव माझ्या कानाशी म्हणाले, "आयला, कावळा बी कंपनीचाच निघाला की रं!"

दोघं-तिघं हसले. मला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं. अख्ख्या गावादेखत माझ्या बायकोनं मला उत्तर दिलं नाही, त्याला दिलं.

दुसऱ्या दिवशी डेअरीत दूध घालायला गेलो तर सयाजी माप धरून म्हणाला, "जोतीदा, वहिनीचा जीव सड्यात अडकलावता म्हणं."

"दूध माप."

"न्हाई, म्हटलं, तुमी एवढी म्हशीची शपथ घातली तरी..."

"माप म्हणतोय न्हवं!"

तिसरी पायरी म्हणजे खाणीचा नवा भरून काढलेला टप्पा. त्याचं बी आमच्या घरात होतं. रोपवाटिकेच्या शेडमध्ये ओल येते म्हणून चिमणा ते घरी आणायची. गवताचं, धायटीचं, हिरड्याचं, ऐनाचं. चुलीची राख चाळून त्यात बी मिसळायची आणि मडकी चुलीवरच्या माळ्यावर ठेवायची. राखेनं कीड लागत नाही. गॅस आला तरी तिनं ती चूल मोडली नाही.

वळवाचे दोन पाऊस झाल्यावर साहेब घरी आले. ओट्यावर बसले. मी चहा विचारला नाही.

"जोतीराम, बी न्यायला आलोय."

"कसलं बी?"

"बाईंनी ठेवलेलं."

"माज्या घरात हाय म्हंजे माजं की."

ते चिडले नाहीत. म्हणाले, "हेड ऑफिसचा धोशा आहे, पायरीवर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावा म्हणून. झटपट हिरवी होते. पावसाळ्यानंतर कमिटी तपासणीला येते, तिला हिरवं दिसलं म्हणजे झालं. मी बाईंच्या जिवावर नको म्हणून बसलो होतो. पाऊस लागायच्या आत बी पडलं नाही तर मला बाभूळ लावावी लागणार."

बाभूळ पहिल्या पायरीवर होती. चिमणा तिला शिव्या द्यायची. खाली गवत येत नाही, गुरं तोंड लावत नाहीत, पाखरू बसत नाही. पण मला त्या सगळ्यात एकच ऐकू आलं. बाईंच्या जिवावर.

मी म्हणालो, "बघू." ते गेले.

संध्याकाळी मोनाचा फोन. मल्लव्वानं तिला कळवलं होतं. "बाबा, आईनं काय मागितलं ते सगळ्या गावानं बघितलंय. तुम्ही कुणावर रुसलाय? आईवर?"

"मी कशाला रुसू?"

"मग द्या की बी."

मी फोन ठेवला आणि खूप वेळ माळ्याकडं बघत बसलो. सकाळी साहेबांना सांगितलं, "बी देतो. पण मी पेरणार. तुमी हात लावायचा न्हाई."

"चालेल," ते म्हणाले. त्यांना वाईट वाटलं असावं. मला बरं वाटलं.

खाण आल्यापासून मी पहिल्यांदा वर गेलो, जीपमधून. मडकी मांडीवर धरली होती. रोपवाटिकेत बायका काम सोडून उभ्या राहिल्या. तिचा विळा खिळ्याला टांगलेला होता. तिचा चहाचा कप पालथा घालून ठेवला होता, कुणी वापरत नव्हतं. मल्लव्वा म्हणाली, "दाजी, ती गेल्यापास्नं हितं करमंना बगा. पिशव्या भरताना लई झ्याक गाणी म्हणायची."

"कोण?"

"चिमाक्का की. जात्यावरची, लग्नातली. साहेब बी ऐकत उभं ऱ्हायाचं."

घरी ती कधी गायली नाही. इतकी वर्षं एका घरात काढली, तिचा गाण्याचा आवाज मला ठाऊक नाही. ह्या बायकांना ठाऊक आहे, ड्रायव्हरला ठाऊक आहे. मी मल्लव्वाला विचारणार होतो, कुठलं गाणं म्हणायची. विचारलं नाही.

तिसरी पायरी लांबलचक होती. वरून काळपट माती पसरलेली, खाली दगडी बांध, त्याच्याही खाली ओढा. तिथून आमचं घर दिसतं, गोठ्याचा पत्रा दिसतो. मला माहीत नव्हतं. ती रोज वरून आमच्याकडं बघत असेल का, की बघतच नसेल, हेही आता विचारायला कुणी नाही.

मी मडकं काखेत धरलं आणि मूठ मूठ फेकत निघालो. राख वाऱ्यावर उडत होती, बी खाली पडत होतं. बायका मागनं बी मातीआड करायला फणी फिरवत होत्या. साहेब कबूल केल्याप्रमाणं बांधावर उभे होते, हात मागं बांधून. मी फिरून त्यांच्याजवळ आलो तर त्यांनी चपला काढलेल्या, डोळे भरलेले.

म्हणाले, "जोतीराम, मी मूठभरच मागितली होती. तुम्ही सगळी आणलीत."

माझ्या लक्षात आलं. ह्यांना वाटलं, ही तिची रक्षा. उसाच्या मुलखातला माणूस, राखेत बी ठेवलेलं त्यांनी कधी बघितलं नसेल, आणि चिमणानंही त्यांना सांगितलं नसेल. माझ्या घरातली एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू?

मी म्हणालो, "चुलीची राख हाय ही, साहेब. किडीसाठी घालत्यात. तिची न्हाई. तिची माज्या बांधाला हाय."

त्यांनी मडक्यात वाकून बघितलं. मग म्हणाले, "चाळली कुणी?"

त्यांनी खाली वाकून पायाशी पडलेली चिमूटभर राख उचलली आणि कपाळाला लावली. हात लावायचा नाही असं ठरलं होतं. पण मला ओरडता आलं नाही. जे मी देणार नाही म्हणालो होतो ते त्यांनी माझ्यासमोर घेतलं, आणि ते माझ्याच चुलीतलं होतं.

पायरी उरकत आली तेव्हा ढग भरून आले. ओढ्याकडचा खालचा पट्टा राहिला. मल्लव्वा म्हणाली, "दाजी, अजून एक मडकं असंल की. चिमाक्का म्हणालती, वड्याकडंचं बी येगळं काढून ठेवलंय."

मी म्हणालो, "बघतो घरात."

बघायची गरज नव्हती. ते मडकं मी सकाळीच माळ्यावर मागं सरकवून ठेवलं होतं. सगळंच त्यांना देऊन आलो असतो तर घरात तिनं हातानं केलेलं काय उरलं असतं?

आता पाऊस लागलाय. वरच्या बाजूला गवत उगवलं असं मोना सांगते, तिला मल्लव्वा सांगते. साहेब परत आले नाहीत, माणूसही पाठवला नाही. बाभळीची रोपं आणून खालच्या पट्ट्याजवळ उतरवून ठेवलीत, असं डेअरीत सयाजी म्हणाला. जांभळाचं रोप गोठ्याच्या भिंतीला तसंच आहे. त्याला नवी पानं आलीत. पाऊस नसेल त्या दिवशी मी पाणी घालतो.

तिसऱ्या पायरीचा खालचा पट्टा पेरायचा राहिलाय. बांधावरच्या खड्ड्यात झाड लावायचं राहिलंय.