बाकी सगळ्यांना बंदी

माझं डोकं पटकन तापतं, कबूल. ऑफिसातले आमचे सीनियर, दादा, मला म्हणूनच 'चिडके' म्हणायचे. नेटवर्कच्या तारा ओढायला, सगळी मशीनं एकमेकांना जोडणारी पेटी, म्हणजे स्विच, लावायला त्यांनीच मला शिकवलं. मग त्यांची शाखेत बदली झाली आणि सर्व्हर रूममध्ये मी, एसी आणि भिंतीवरचं घड्याळ एवढेच उरलो.

पण रोज अकराच्या ठोक्याला त्यांचा पिंग यायचा. पिंग म्हणजे एका मशीनने दुसऱ्याच्या दारावर केलेली टकटक. चार टकटक, म्हणजे 'चहा झाला का?' मी चार परत पाठवायचे, म्हणजे 'झाला, तुमचा?' सहा वर्षं चाललं होतं हे. घरी मी एकटीच, त्यामुळे दिवसातलं तेवढंच काय ते माझं बोलणं. हसा खुशाल!

गेल्या महिन्यात त्यांनी फोन केला. "चिडके, महिनाअखेरीला रिटायर होतोय. निरोपाला येशील ना?"

'जाऊ नका' म्हणायचं होतं मला. आणि तोंडातून काय निघावं? "सुटा एकदाचे! रोजची कटकट तरी जाईल." फोन आदळला.

दुसऱ्याच दिवशी साहेबांचा हुकूम आला: शाखेकडून जे जे येतं त्यावर स्विचमध्ये यादी लावा, कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही. स्विच ती यादी वरून खाली वाचतो. शेवटची ओळ ठरलेली असते, बाकी सगळ्यांना बंदी. साहेबांच्या कागदावर बघून मी एकेक ओळ चढवली. फायली, प्रिंटर, हजेरीचं यंत्र, कॅमेरे, येऊ द्या. सेव्ह केलं आणि मोकळी झाले.

अकरा वाजले. टकटक नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. म्हटलं, रुसले वाटतं म्हातारबुवा. रुसू देत! मी का म्हणून आधी पाठवू? रोज अकराला स्क्रीनकडे बघायचे आणि गार झालेला चहा गिळायचे. निरोपाच्या दिवशीही हट्टाने जागची हलले नाही.

सोमवारी साहेबांनी विचारलं, यादीने कुणाकुणाला अडवलं? नोंद उघडली. मला वाटलं होतं चोरांची रांग दिसेल, तर पानभर एकच पत्ता. दादांच्या मशीनचा. रोज अकरा वाजता, चार. साहेबांच्या कागदावर पिंग नव्हता, त्यांना कुठून माहीत असणार? मला माहीत होतं ना!

शेवटच्या दिवशी मात्र अकरापासून पाचपर्यंत, दर तासाला चार.

 शाखेत फोन लावला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "ते शुक्रवारीच रिटायर झाले की. मुलाकडे गेले, परदेशात. मोबाईल ऑफिसचाच होता, तो जमा केला. पत्ता नाही ठेवला हो." मग म्हणाली, "निरोपाला तुमच्यासाठी शेजारची खुर्ची अडवून ठेवली होती त्यांनी. कुणाला बसू देईनात."

मी यादी उघडली. बंदीच्या ओळीच्या वर एक नवी ओळ घातली, दादांच्या मशीनचा पत्ता, येऊ द्या. घड्याळात अकरा वाजत होते. मी चार टकटक पाठवली.

चारही उत्तरं लगेच आली. मशीन चालूच होतं, आणि टकटक कुणीही केली तरी ते आपणहून उत्तर देतं, समोर कुणी बसलेलं नसलं तरी. मी स्क्रीनसमोर बसून ढसाढसा रडले.