आंब्याच्या साली

फिलोमेनानं कोकराचा मागचा पाय धरला आणि त्याला आईच्या सडापासून ओढून काढलं. ते बें बें करत हातपाय झाडू लागलं. तिनं त्याला काखोटीला मारलं, कोंबड्यांच्या जाळीच्या खुराड्याचं दार गुडघ्यानं ढकललं आणि त्याला आत सोडलं. सकाळपासूनचं हे नववं. अजून दोन राहिली होती, आणि हाकललेल्या कोंबड्यांनी अंगणात नुसता उच्छाद मांडला होता.

सकाळी गव्हाणीत, भाजलेल्या निवडुंगाच्या फोडींखाली, तिला पिवळ्या साली दिसल्या होत्या. हुंगून पाहिलं तर आंबा! आठ महिन्यांत पावसाचा टिपूस नाही, रानात काटक्यांशिवाय मेंढ्यांना काही उरलेलं नाही, हे सगळं तिला कबूल होतं. पण पिलंवाल्या मेंढ्यांना आंबा? आंबा आणि दूध एका पोटात गेलं की जीव जातो, हे सेर्तांवच्या या कोरड्या मुलखात बोबड्या बोलाच्या पोरालाही ठाऊक असतं.

तिची धाकटी सून रोझेलिया पेत्रोलिना शहरातल्या फळांच्या फॅक्टरीत कामाला होती. कामाची पाळी संपवून ती फटफटीवरून घरी आली, ती ओरडतच.

"दोना फिलो! अहो, हे काय चालवलंय? कोकरं खुराड्यात, आणि कोंबड्या माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर!"

"तू बोलूच नकोस. त्या साली तूच आणल्यास ना?"

"मीच आणल्या. रस काढला की फॅक्टरीवाले ढीगच्या ढीग फेकून देतात. तिथंच उन्हात वाळवायच्या, थोड्या थोड्या चाऱ्यात मिसळायच्या, मेंढ्या मिटक्या मारत खातात."

"मेंढ्यांचं काय घेऊन बसलीस? त्यांचं दूध ही पिलं पितात. आंब्यावर दूध! काही कळतं का तुला?"

रोझेलियाला हसूच फुटलं.

"आमच्या कँटीनमध्ये रोज आंब्याच्या रसात दूध घालून पितात. सत्तर बायका आहोत, एक मेली नाही. उलट सगळ्यांचे कपडे घट्ट व्हायला लागलेत."

फिलोमेना हसली नाही. काखेतलं दहावं कोकरू तिनं इतकं आवळलं की ते कण्हलं.

सेहेचाळीस वर्षांपूर्वी तिचा थोरला, वाल्दीर, सकाळी शेळीचं दूध प्यायला होता. आणि दुपारी तिनंच, आपल्या हातानं, त्याला आंबा कापून दिला होता. दुधाचं ती पार विसरून गेली होती. दिवेलागणीला पोर गेलं. तीन वर्षांचं होतं. पुढे आणखी मुलं झाली, वाढली, त्यांची लग्नं झाली, पण या घरात आंबा आला नाही. सुनेला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय, की सासूनं पोटचं पोर मारलं?

कास तटतटलेल्या मेंढ्या खुराड्याला धडका देत होत्या. आतलं सगळ्यात लहान कोकरू ओरडायचं थांबलं होतं आणि जाळीला टेकून बसलं होतं.

"ते बघा," रोझेलिया म्हणाली. तिचं हसू आता कुठल्या कुठं गेलं होतं. "उपाशी मारणार आहात का त्याला?"

"उपाशी दोन दिवस तरी काढेल. ते दूध प्यायलं तर उद्याची सकाळ बघणार नाही. मी बघितलंय."

रोझेलियानं ओठ चावला.

"एक सांगू? मारू नका मला."

"बोल."

"साली आज पहिल्यांदा नाही घातल्या. आज सतरावा दिवस आहे. या घरात आंबा चालत नाही एवढं माहीत होतं, का ते नाही. म्हणून रोज निवडुंगाखाली दडवायची. आज घाईत नीट झाकल्या नाहीत."

"सतरावा?"

"आणि ते लहानगं नऊ दिवसांचं आहे, दोना फिलो. जन्मल्यापासून ते दुसरं काही प्यायलेलंच नाही."

"चोरटी!" फिलोमेना म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. ती मनातल्या मनात मोजत होती. सतरा दिवस. अकरा कोकरं. गेल्या रविवारीच ती शेजारणीपुढे मिरवत होती की यंदा पिलांनी काय अंग धरलंय!

तिनं काखेतलं कोकरू खाली सोडलं आणि दार उघडलं. कोकरं एकमेकांना तुडवत बाहेर पळाली आणि आयांच्या पोटाखाली गुडघे टेकून लुचू लागली. लहानग्याला तिनं उचलून नेलं आणि सड त्याच्या तोंडात दिला. आधी त्यानं तोंड फिरवलं, मग एकदाचं धरलं. त्याचा गळा हलताना ती बघत राहिली.

कुंपणाशी निवडुंगाचे काटे जाळत बसलेला तिचा नवरा आदेराल्दो उठून आला.

"तुला ठाऊक होतं?" तिनं विचारलं.

"म्हातारा झालोय, पण नाक शाबूत आहे."

"आणि गप्प बसलास!"

"तू ऐकतेस कुठं, म्हातारे!"

फिलोमेना गव्हाणीच्या कडेवर टेकली. तिला एकदम हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली. रोझेलिया काहीतरी विचारणार होती, पण सासूचा चेहरा बघून कोंबड्या गोळा करायला निघून गेली.

"ते तू नेहमी सांगायचास ना," फिलोमेना म्हणाली, "वाल्दीरचं."

"हजारदा सांगितलं. तुला पटत नाही."

"आज परत सांग."

आदेराल्दोनं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्या शेजारी बसला.

"त्याला आदल्या रात्रीपासून ताप होता, फिलो. अंग नुसतं भाजत होतं. सकाळचं दूधही त्यानं बरंचसं ओकून टाकलं. काहीच खाईना, म्हणून तर तू आंबा कापलास."

कोकरं लुचत होती.

"खाल्ला होता का रे त्यानं?"

"दोन फोडी. रस कोपरापर्यंत ओघळला होता. आणि हसत होता लबाड."

"हो," फिलोमेना म्हणाली. "तिसरी मागितली होती."