बारीक आवाज

कान तपासणाऱ्याचा त्यात फायदा किती होता? माणशी अकरा मिनिटं वाचायची. दिवसाला दहा माणसं धरली तर जवळजवळ दोन तास. आणि ते तो काही पत्ते कुटण्यात घालवणार नव्हता. संध्याकाळची प्रार्थनासभा तोच चालवायचा, आणि कारखान्यातून निघायला उशीर झाला की मंडळी ताटकळायची. म्हणजे चोरीसुद्धा देवाच्याच पदरात. असा सौदा मोडवतो कुणाला?

काम साधं होतं. प्रत्येक कामगाराला वर्षातून एकदा पेटीसारख्या बंद खोलीत बसवायचं, कानांना हेडफोन लावायचा, आणि जाड स्वरांपासून चिरक्या, बारीक स्वरांपर्यंत एकेक स्वर हळू करत करत ऐकवायचा. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. नव्या माणसाला तो सांगायचा, "यंत्रांच्या गोंगाटात आधी बारीक आवाज जातात. आणि ज्याचे जातात त्याला पत्ताही नसतो."

पण वर्षभरात कान असे कितीसे बिघडणार? जाड स्वर ऐकवायचे, बारीक सोडून द्यायचे, आणि तिथले आकडे गेल्या वर्षीच्या कागदावरून उतरवायचे.

पहिल्यांदा केलं त्या दिवशी त्याला सभेत प्रार्थना पुरी करता आली नाही. मध्येच थांबून गप्प राहायची त्याची जुनी सवय होती. त्या शांततेत प्रभू त्याला आत कुठेतरी हलकेच टोचायचा, की बाबा रे, आज हे चुकलं. मंडळी त्याला भला माणूस म्हणायची, पण त्याची खरी मिळकत एवढीच होती, ते टोचणं. त्या दिवशी टोचलं. दुसऱ्या दिवशी त्याने त्या कामगाराला परत बोलावलं आणि तपासणी पूर्ण केली.

दुसऱ्या वेळी टोचलं तेव्हा तो मनात म्हणाला, आधी सभा उरकू दे. तिसऱ्या वेळी टोचलं का, हे त्याला आठवत नाही.

मग बाकीच्या किरकोळ गोष्टी आल्या, पाहुण्यांसारख्या, आपापली पिशवी घेऊन. कामगार त्याला 'डॉक्टर' म्हणायचे. तो डॉक्टर नव्हता. आधी तो चूक सुधारायचा, मग नुसता हसायचा, पुढे "बोला" म्हणू लागला. चर्चच्या पाळकांनी विचारलं, की न वाचलेला शास्त्रपाठही वाचलेला निघायचा.

पॅकिंगमधल्या एका बाईला सगळे 'भोंगा' म्हणायचे. ती बोलली की छताचे पत्रे हलायचे.

"काय हो डॉक्टर, काय म्हणतात माझे कान?" पेटीतून बाहेर येत तिने विचारलं.

"ठणठणीत आहेत. तुमच्यापायी माझेच जातील."

"मेली माझी पोरगीपण हेच म्हणते! म्हणते, आई, मी शेजारी बसलेय, परगावी नाही."

दोघंही हसले. माणूस वर्षागणिक मोठ्याने का बोलू लागतो, हे त्या इमारतीत एकालाच ठाऊक होतं, आणि तो तेव्हा घड्याळ बघत होता.

घरी एकदा बायकोने ताट वाढता वाढता काढलं. "अहो, एक विचारू? तुम्ही हल्ली मध्ये थांबत नाही."

"कशाच्या मध्ये?"

"प्रार्थनेच्या. एका दमात आमेन. पूर्वी थांबायचात ना, तेव्हा मला धाकधूक वाटायची. आता थांबत नाही, तर जास्त वाटते."

"लोकांना घरी जायचं असतं गं."

"आणि प्रभूला काही बोलायचं असलं तर?"

पुढच्या सभेत तो मुद्दाम थांबला. आत काहीच हललं नाही. सगळं गुळगुळीत, निवांत. त्याला बरं वाटलं. यालाच शांती म्हणतात, असं तो समजला.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी गोदामात माल उचलणारी गाडी मागे घेतली जात होती. मागे येताना ती टीं-टीं वाजते, चिरका, बारीक आवाज. सगळे बाजूला झाले. भोंगा पाठमोरी खोकं बांधत राहिली.

चौकशीला मॅनेजरने तिचा कागद समोर ठेवला. "डॉक्टर, बाईला ऐकू येत होतं ना?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तो थांबला, आत कुणी अडवतंय का ते पाहायला. कुणी अडवलं नाही.

"कागदावर आहे तसंच," तो म्हणाला.

मॅनेजरने लिहिलं: कामगाराचा निष्काळजीपणा.

भोंगाचा पाय घोट्यापासून गेला, पाठोपाठ नोकरी गेली. गाडी चालवणारा पुन्हा त्या खुर्चीवर बसू शकला नाही. कान तपासणाऱ्याची बायको आता मागच्या खोलीत दार लावून एकटी प्रार्थना करते. त्याच्याकडे कुणी जाब मागितला नाही, माणसांनी नाही आणि आतूनही नाही, आणि याचं त्याला नवल वाटलं नाही. भोंगाच्या मुलीने कॉलेज सोडलं आणि आईच्या जागी पॅकिंगला उभी राहिली. तिचे कान त्यानेच तपासले. तिचा गेल्या वर्षीचा कागद नव्हता, म्हणून बारीक आवाजांचे आकडे त्याने मनानेच भरले.