बजाअक्काची शिदोरी

तळ्याकाठी घर बांधलं माझ्या यशवंतानं, आणि भावकी गोळा केली मी. हिप्परग्याच्या तळ्यावर सकाळपासून जिपा येऊन लागल्या. यशवंत चिंचोळीच्या एमआयडीसीत मोठा साहेब आहे, हे ज्यांच्या कानावर घालायचं होतं त्यांना मी सतरंजीवर मुद्दाम पुढं बसवलं.

माझी थोरली जाऊ बजाअक्का मात्र आदल्या दिवशीच आली होती, काखेत बोचकं घेऊन. बोचक्यात दोन लुगडी, गोळ्यांची पिशवी आणि पितळी तांब्या. एका जेवणाला कुणी तांब्या घेऊन येत नाही. पुण्याला लेकाकडं राहते, सुनेशी पटत नाही. आता माझ्या मागच्या खोलीत उरलेलं आयुष्य काढायचं म्हणून आली होती. तोंडानं बोलली नाही, बोचकं तेवढं तिथल्या खाटेखाली सरकवून आली. मी दारातून बघितलं.

काम केलं की आपण घरच्या होतो, असा तिचा हिशेब. उजाडायला चुलीपुढं हजर.

"सर नागू, भाकरी मी थापते. तुला अजून पातळ जमत न्हाय."

"पावण्यानं पिठात हात घालायचा नसतो, अक्का. खुर्चीवर बसा."

"मी कुटली पावणी गं?"

"मानाची. बुद्धप्रिया, थोरल्या आत्यांना खुर्ची दे."

माझी सून बुद्धप्रिया शाळेत शिकवते. तिनं गादीची खुर्ची आणून अंगणाच्या मधोमध मांडली. अक्का मेथी निवडायला उठली, मी पाटी काढून घेतली. खराटा धरला, तो घेतला. शेवटी हात मांडीवर ठेवून बसली. येईल तो पाया पडून म्हणायचा, "नशीबवान हाय बजाबाई, धाकटी जाऊ बसून खायाला घालतीय." ती हसायची, दाढ दुखत असल्यासारखं.

बुद्धवंदना झाली, पंगत बसली. पहिलं ताट मी तिला वाढलं, मटणाची नळीही तिच्याच ताटात घातली.

रस्सा ओतायला वाकले तशी हळूच म्हणाली, "मागची खोली रिकामीच हाय की."

"व्हय. पर तळ्याचं वारं लई लागतं तितं. सोसायचं न्हाय तुमाला."

"मला समदं सोसतं गं."

"मला न्हाय सोसायचं," मी म्हटलं, आणि पुढच्या ताटाकडं गेले.

आमच्या भावकीत एक रीत आहे. पाहुण्याला निघताना शिदोरी बांधून देतात, घरच्याला कधी देत नाहीत. शिदोरी हातात पडली की राहायची गोष्ट संपली. ही रीत मला अक्कानंच शिकवली. मी नवी नवरी असताना माझा बाप अकलूजहून आला, लेकीकडं दोन दिवस राहायला. त्यानं पायांवर पाणी घेतलं नव्हतं तोवर हिनं भाकरी फडक्यात बांधून त्याच्या हातात दिली. "वाटंत खावा," म्हणाली. बाप ते फडकं छातीशी धरून एसटीकडं चालत गेला. मी चुलीपुढून उठायचं नव्हतं. परत तो कधी आला नाही.

माणसं सुपारी कातरत बसली होती. मी नवंकोरं फडकं अंथरलं, त्यात कडक भाकऱ्यांची चळत, वर शेंगाचटणीची पुडी. घट्ट गाठ मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पहिली शिदोरी बजाअक्काची."

म्हाताऱ्यांचे अडकित्ते थांबले. पोरांनी टाळ्या वाजवून मोबाईलवर फोटो काढले. अक्कानं दोन्ही हात पुढं केले. चारचौघांत दुसरं काय करणार?

बुद्धप्रियानं मला आत गाठलं. "आत्या, त्या राहायला आल्यात. मी खोली झाडून ठेवलीय."

"बरं केलंस. बोचकं लगेच सापडंल."

"म्हाताऱ्या माणसाला असं..."

"मी बी म्हातारीच हाय. मला कुणी इचारलं?"

बाहेर यशवंतानं जीप चालू केली होती. अक्काला पुण्याच्या एसटीत बसवून ये, असं मीच त्याला सांगितलेलं. ती मागच्या सीटवर बसली होती, मांडीवर नुसती शिदोरी. बोचक्याचं नावही काढलं नाही. ते आत राहिलं, की त्याच्यासाठी तरी परत यायला मिळेल.

"थोरली आई, काय राहिलं का?" यशवंतानं विचारलं.

"न्हाय रं. काय न्हाय."

मी खोलीतून बोचकं आणलं आणि तिच्या मांडीवर शिदोरीशेजारी ठेवलं. आत तांब्या वाजला.

"तांब्या इसरला की अक्का. तितं पानी कशानं पिणार?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग शिदोरी फडक्यावरनं चाचपली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

"जाडच झाल्यात गं," ती म्हणाली.

"टिकतात महिनाभर," मी म्हटलं, आणि जीपचं दार लावलं.