बिनसहीचं ड्रॉइंग

कागद पुढ्यात आला तसं आण्णांनी आधी खालच्या उजव्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. त्यांनी कागद उलटा करून पाठ पाहिली, पुन्हा सुलटा केला आणि चष्मा नाकावर सरकवला.

"नावाचा चौकोन कुठंय ह्याचा?"

"ह्याला नसतो, आण्णा," त्यांची लेक साक्षी म्हणाली. "हे कॉम्प्युटरवर होतं. खूप जण मिळून करतात."

"म्हंजे बिनसहीचं," आण्णा म्हणाले आणि कागद हातभर लांब धरून बसले.

बिनसहीच्या कागदाशी आण्णांचं, म्हणजे भिवा ओव्हाळांचं, जुनं वैर होतं. चिंचवडच्या एका कंपनीत ते सव्वीस वर्षं प्रिंटरूममध्ये होते. ड्रॉइंग ऑफिसातली मंडळी मोठाल्या पारदर्शक कागदांवर यंत्रांची ड्रॉइंगं काढायची आणि आण्णा अमोनियाच्या मशीनवर त्यांच्या निळ्या प्रती काढून, जिथे यंत्रं बनायची त्या शॉपमध्ये पोचवायचे. हुद्दा हेल्परचा. डोळ्यांना सदा पाणी. पण एक अधिकार त्यांनी कुणाला न विचारता स्वतःकडे घेतला होता. कोपऱ्यातल्या चौकोनात ‘रेखाटले’, ‘तपासले’ आणि ‘मंजूर’ अशा तीन जागा असत. त्यांतली एक जरी सही राहिली असली, तरी आण्णा कागद मशीनला लावत नसत. मोठमोठे साहेब नाक मुठीत धरून परत जात. तिथल्या वासानं नाक एरवीही धरावंच लागे, ही गोष्ट वेगळी.

साक्षीनं त्यांना कागद समजावून सांगितला. ती पिंपळे गुरवला राहायची आणि औषधांवर संशोधन करणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका लहानशा ऑफिसात कामाला होती. माणसाच्या पेशीत हजारो पदार्थ असतात. कोण कुणाला कामाला लावतो, कोण कुणाला थांबवतो, याचे नकाशे शास्त्रज्ञ काढतात. पण ज्याची त्याची खूण वेगळी. एकाचा बाण म्हणजे ‘तयार करतो’, दुसऱ्याचा बाण म्हणजे ‘तिकडे जातो’. वायरिंगचं ड्रॉइंग चाकणचा वायरमन वाचतो तसंच जपानचाही वाचतो, मग पेशीचं का नको, म्हणून देशोदेशीची माणसं एकत्र येऊन खुणांची एकच भाषा ठरवत होती. साक्षी त्यांच्यातली एक. वर्षभर त्यांचा वाद एकाच गोष्टीवर अडला होता: दोन रेषा एकमेकींना छेदून गेल्या, तर त्या जोडलेल्या समजायच्या की नुसत्या ओलांडून गेलेल्या? जोड असेल तिथे ठिपका द्यायचा, एवढं अखेर ठरलं. आता जीवशास्त्र न शिकलेल्या तीस जणांना नमुन्याचा नकाशा दाखवायचा, आणि त्यांना जिथे अडेल तिथे त्यांनी लाल पेन्सिलनं गोल करायचा, असं काम तिच्याकडे आलं होतं. नमुना तिनं स्वतः काढला होता. जगभर फिरणारा तिचा हा पहिलाच कागद.

"ह्यात माझी साखर कुठंय?" सरूबाईंनी आतून विचारलं. त्यांना मधुमेह होता आणि सगळ्या विज्ञानाकडे त्या त्याच खिडकीतून बघत.

साक्षीनं आईला हसून काहीतरी सांगितलं आणि लाल पेन्सिल आण्णांच्या पुढे ठेवली. पुढच्या रविवारी येते म्हणाली.

वडलांनाच हा कागद द्यायचं तिच्या मनात फार होतं. ड्रॉइंग कसं वाचायचं हे तिला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. दापोडीच्या या खोलीत, वह्यांना घातलेल्या निळ्या प्रिंटच्या कव्हरांवरून ती शिकली होती. तुटक रेष म्हणजे मागे लपलेली कड, हे तिला बाराखडीच्या आधी माहीत होतं. शिकवताना आण्णांचा आवाज वेगळाच लागायचा. तो आवाज तिनं पुढे बरीच वर्षं ऐकला नव्हता.

त्याला कारण होतं, आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आण्णांना ट्रेसर व्हायचं होतं. पेन्सिलीतलं ड्रॉइंग शाईनं गिरवून पक्कं करणारा तो ट्रेसर, आणि ‘रेखाटले’च्या जागी त्याची सही. आण्णांना दुसरं काही नको होतं, पण हे मात्र जीव तोडून हवं होतं. साक्षी बालवाडीत असताना ती जागा निघाली. हेड ड्राफ्ट्समन मारुतरावांनी आण्णांचा हात पाहून अर्ज करायला लावला. परीक्षेला आठ दिवस राहिले होते. त्याच आठवड्यात पत्रा दाबणाऱ्या एका प्रेसच्या तेलाच्या नळ्यांचं ड्रॉइंग प्रिंटला आलं. सह्या तिन्ही होत्या, पण दोन नळ्या जिथे जोडायच्या तिथला ठिपका राहिला होता. मारुतराव रजेवर, शॉपमधून तगादा. आण्णांनी पेन घेतलं आणि मूळ कागदावर ठिपका दिला.

ठिपका बरोबर होता. प्रेस चालली, पुढे कित्येक वर्षं चालली. पण ज्यांनी ‘तपासले’खाली सही केली होती त्या साहेबांच्या ते लक्षात आलं, आणि हेल्परनं मूळ ड्रॉइंगला हात लावला म्हणून आण्णांना मेमो मिळाला. परीक्षेच्या यादीत नाव आलं नाही. मारुतरावांनी परतल्यावर रदबदली करून पाहिली, पण त्यांचंही काही चाललं नाही. ठिपका हवा होता की नको, हे मात्र कुणी विचारलं नाही. पुढे प्रिंटरूम बंद पडली, आण्णांना चाकणच्या स्टोअरला टाकलं, तिथूनच ते रिटायर झाले.

रविवारी साक्षी आली तेव्हा कागद टेबलावर होता, तसाच कोराकरकरीत. लाल पेन्सिलचं टोकसुद्धा झिजलं नव्हतं.

"बघून झालं माझं," आण्णा म्हणाले.

साक्षीला वाईट वाटलं. एकोणतीस कागद तिच्या पिशवीत होते. तिच्या गल्लीत भाजी विकणाऱ्या सावित्रीबाईंनी तीन गोल केले होते, लेथवर काम करणाऱ्या नवनाथनं तर सबंध कागद रंगवला होता. आणि ज्यांच्या नजरेची तिला खात्री होती, त्यांनी नुसतं बघून बाजूला ठेवलं होतं. गुरुवारी खुणा ठरवणाऱ्या समितीची बैठक होती. तिनं विचारलं, कुठेच अडलं नाही का. त्यावर आण्णा खिडकीकडे बघून म्हणाले, "तुमचा मूळ कागद हाय. त्याला आपून कशाला हात लावायचा?"

"हात न्हाई लावला म्हणं," सरूबाई पोळपाट हातात घेऊनच बाहेर आल्या. "आठ दिस टेबल सोडलं न्हाई ह्यांनी. कासारवाडीला जाऊन बटरपेपर आणला. मला ताट ठिवायला जागा न्हाई घरात."

आण्णांनी बायकोकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. सरूबाईंनी कपाटामागं हात घालून एक गुंडाळी काढली आणि लेकीच्या हातात दिली.

साक्षीनं तो पारदर्शक बटरपेपर आपल्या कागदावर पसरला. दोन्ही कागद एक झाले. तिचा प्रत्येक चौकोन, प्रत्येक बाण, ‘थांबवतो’ दाखवणारी प्रत्येक आडवी रेघ, सगळं शाईत गिरवलेलं होतं. रेष कुठे जाड नाही, कुठे कापरी नाही. सदुसष्टाव्या वर्षी हा हात असा होता. मग पस्तिशीत कसा असेल! ती खाली वाकून बघत राहिली. डाव्या अंगाला, दोन रेषा छेदत होत्या तिथे, वरच्या कागदावर एक ठिपका होता. खालच्या कागदावर नव्हता.

"हा?" तिनं बोट ठेवलं.

आण्णा उठून जवळ आले. आधी घसा साफ केला.

"ह्या चौकोनातनं माल भाईर जातोय बघ. पण आत कायच येत न्हाई. बाकी समद्यांना आत यायची वाट हाय, ह्यालाच न्हाई. मग त्यो चालतोय कशावर? हितं जोड असायला पायजे." एवढं बोलून ते थांबले. "आपल्याला वाटलं तसं. तुमचं वेगळं असंल."

तोच जुना आवाज होता. साक्षीनं दोन्ही कागद पुन्हा पुन्हा पाहिले. ठिपका राहिला होता, आणि राहिला होता तिच्याच हातून. तिच्या वरच्या निरंजन सरांनीही कागद पास केला होता. एकोणतीस जणांनी पाहिला होता.

"बरोबर आहे, आण्णा. माझ्याकडूनच राहिला."

आण्णा टेबलाची कड हातानं पुसत राहिले. मग म्हणाले, "बरोबर हाय न्हवं?"

"बरोबर आहे."

बटरपेपरच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी चौकोन आखला होता. ‘रेखाटले’, ‘तपासले’, ‘मंजूर’. तिन्ही जागा रिकाम्या. साक्षीनं कागद उचलून खिडकीच्या उजेडात जरा तिरपा धरला, तेव्हा पहिल्या जागेत पेन्सिलीचा दाब दिसला. तीन अक्षरं लिहून खोडली होती. भि. रं. ओ.

फोटो काढायला तिनं फोन हातात घेतला होता, तो खाली ठेवला.

"हे मला पुढे पाठवता येणार नाही."

आण्णांचा चेहरा उतरला. "का गं?"

"सही नाहीये. बिनसहीचं ड्रॉइंग मशीनला लागत नाही."

सरूबाई पोळपाट छातीशी धरून उभ्या होत्या. साक्षीनं पर्समधून पेन काढलं, ‘तपासले’च्या जागेत आपली सही केली, खाली तारीख घातली आणि कागद वडलांच्या पुढे सरकवला.

"आसं न्हाई चालत," आण्णा एकदम म्हणाले. "उलटं केलंस तू. आदी काढणाऱ्याची सही असती."

"मग करा की."

आण्णा कागदाकडे बघत राहिले. मग खुर्ची ओढून बसले, धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. साक्षीनं पेन पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, पण बाजूला ठेवलं आणि खिशातली पेन्सिल काढली. सरूबाईंना वाटलं, परत कच्चीच करतात. पण त्यांनी पट्टी उचलली, ‘रेखाटले’च्या जागेत नीट बसवली आणि आधी दोन फिकट रेषा मारल्या, एकीखाली एक, सगळी अक्षरं एका उंचीची यावीत म्हणून. मग पेनचं टोपण काढलं.