हिवाळ्यातलं ऊन

शेजारच्या सित्तीच्या गच्चीवर सिमेंटची खोली उठली आणि मन्नाच्या नवऱ्याचं ऊन गेलं. बकीर तीन वर्षं अंथरुणाला खिळलेला. हिवाळ्यात सकाळी गच्चीवर निजवलं, की त्याची बोटं जरा हलायची. आता सावलीत तीही हलेनात.

"अल्जिअर्सला पाच-पाच मजले चढवतात," सित्ती पलीकडून म्हणाली. तिच्या लेकाचं तिथं दुकान होतं. "काळ बदललाय, बाई."

"मग तिथंच चढव की! इथं गार्दायात नऊशे वर्षं कुणी शेजाऱ्याचं हिवाळ्यातलं ऊन अडवलं नाही. घर बांधायची आपली रीतच ती. श्रीमंताचं घरसुद्धा गरिबाच्या घराएवढंच उंच. तुझ्याच लेकाला शिंगं फुटली!"

मन्नाने गावच्या पंचाला, अमिनाला, बोलावलं. गावातल्या बांधकामांचे तंटे तोच सोडवायचा. म्हातारा खाकरत वर आला, तशा दोघींनी अंगावरच्या चादरी तोंडावर ओढून घेतल्या.

"खोली पाडायची," तो म्हणाला.

"आणि हिची भिंत?" सित्ती कडाडली. "वीस वर्षं माझं दुपारचं ऊन खातेय ती. गुडघे गेले माझे!"

"भिंत सासऱ्यांच्या वेळची आहे," मन्ना धडधडीत खोटं बोलली.

"नाही," बकीर अडखळत म्हणाला. "मी... चढवली. हिच्या हट्टापायी."

त्याचं तोंडच दाबावं असं मन्नाला वाटलं. ज्याच्यासाठी भांडायचं, तोच उलटला! अमिनाने दोन्ही पाडायला लावलं. आठवड्याभरात पडलंही.

ऊन आलं. सोबत सित्तीचं तोंडही आलं, समोरासमोर, दिवसभर. दुपारी ती पाय पसरून उन्हात बसली, ते काही मन्नाला बघवेना. तिने दोरी बांधली आणि घरातली सगळी घोंगडी वाळत घातली. एकही ओलं नव्हतं. घोंगड्यांना अमीन काय म्हणणार? सित्ती पाय जवळ घेऊन उठून गेली. मन्नाला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सित्तीच्या दोरीवर गालिचे होते, मन्नाच्या घोंगड्यांपेक्षा उंच.

बकीर निरभ्र आकाशाकडे बघत पडला होता. "ऊन... कुठं गेलं?"

"ढग आलेत," मन्ना म्हणाली आणि त्याचे गार हात चोळायला बसली.